केडलस्टन हॉल कसा पाहावा: दाखवण्यासाठी बांधलेल्या घराचा आराखडा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील केडलस्टन हॉल हे कंट्री हाउस, म्हणजे उमरावाचा ग्रामीण भागातला महाल, कोलकात्याच्या राजभवनाचे (आताच्या लोकभवनाचे) मूळ मानले जाते. ते पाहायला जाण्यापूर्वी त्याची वास्तुरचना कशी समजून घ्यावी, कोलकात्याची इमारत खरोखरच त्याची नक्कल आहे का, आणि एका उमराव घराण्याची ही वास्तू आज वारसा म्हणून कोण आणि कशी सांभाळते? वास्तुजतनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दर्शनी भागाच्या छायाचित्रांपेक्षा मुख्य मजल्याच्या नकाशात अधिक स्पष्ट सापडतात. केडलस्टनचा मधला भव्य भाग कोणी राहावे म्हणून बांधलेलाच नव्हता. तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी होता. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर तिथल्या खिडक्या, खांब, जिने, स्वयंपाकघराची जागा, अर्धवट राहिलेले बांधकाम, इतकेच नव्हे तर त्याच आराखड्याचे हुगळीकाठी झालेले स्थलांतर या सगळ्यांचा उलगडा होतो.

कर्झन घराणे बाराव्या शतकापासून केडलस्टनला आहे. १७५८ मध्ये नॅथॅनियल कर्झनकडे वारसा आला तेव्हा तिथे विटांचे एक घर उभे होते आणि ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे फार जुने नव्हते. त्याने ते पाडायला घेतले. घराशेजारचे गाव दृष्टीआड व्हावे म्हणून ते उठवून थोड्या अंतरावर वसवले आणि रस्ताही वळवला. जुन्या गावातले जागेवर राहिले ते एकटे ऑल सेंट्स चर्च, जे आज महालाला खेटून, काहीसे अवघडल्यासारखे उभे दिसते. मोकळ्या हिरव्या टेकड्या, मधूनच वडवृक्षासारखे पसरलेले ओक आणि दूरवर चरणाऱ्या मेंढ्या असा जो ‘नैसर्गिक’ देखावा पाहून आपण हरखतो, तो इतक्या उलथापालथीनंतर आणि जुनी आखीव बाग मोडून तयार केलेला आहे. इंग्लंडमधल्या अनेक कंट्री हाउसेसची हीच कथा आहे, परंतु केडलस्टनमध्ये ते एकाकी चर्च डोळ्यांसमोर असल्यामुळे ती लपत नाही.

नव्या घरासाठी कर्झनने एकापाठोपाठ एक असे तीन वास्तुकार घेतले. पहिला मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, ज्याला नॉरफॉकमधल्या होकम हॉलच्या बांधकामाचा अनुभव होता. दुसरा जेम्स पेन, आणि तिसरा रॉबर्ट ॲडम. ब्रेटिंगहॅमने सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार अँड्रिया पॅलाडिओच्या एका न बांधल्या गेलेल्या रचनेचा आधार घेतला. मधोमध एक मोठी मुख्य इमारत आणि तिच्या चार कोपऱ्यांकडे वळणदार मार्गिकांनी जोडलेली चार उपभवने, अशी ती कल्पना होती. ईशान्येचे उपभवन ब्रेटिंगहॅमच्या देखरेखीखाली आधी उभे राहिले. वायव्येचे उपभवन आणि मुख्य इमारतीचा उत्तर दर्शनी भाग ही प्रामुख्याने पेनची आखणी आहे. ॲडम इटलीहून १७५८ मध्ये परतला, तेव्हा त्याच्याकडे सुरुवातीला फक्त बागेतल्या इमारती आणि परिसर सोपवला होता. पण त्याची रेखाटने पाहून कर्झन इतका भारावला, की १७६० पर्यंत सगळे काम ॲडमच्या हाती आले. वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले दोघे बाजूला पडले आणि हा तरुण स्कॉटिश वास्तुकार पुढे आला, यात कर्झनची चंचलता होती असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात एक नेमकी ओळख दिसते: त्याला घर नको होते, रोम हवे होते, आणि रोम स्वतः डोळसपणे पाहून आलेला माणूस त्याला सापडला होता.

आता नकाशाकडे वळू. ईशान्येच्या उपभवनात कर्झन कुटुंब प्रत्यक्ष राहत असे. त्यांच्या निजायच्या खोल्या, रोजचा वावर, मुलेबाळे हे सगळे तिथे. वायव्येच्या उपभवनात मुदपाकखाना आणि त्याला लागून नोकरांच्या कामाच्या जागा होत्या. या दोघांच्या मध्ये उभी असलेली मुख्य इमारत समारंभांसाठी, चित्रे आणि शिल्पे मांडण्यासाठी आणि अतिमहत्त्वाच्या पाहुण्यांसाठी राखलेली होती. भोजनगृह मुख्य इमारतीच्या वायव्य कोपऱ्यात, म्हणजे मुदपाकखान्याच्या बाजूला आहे. संगीतदालन ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे कुटुंबाच्या बाजूला आहे. वळणदार मार्गिकेतून येणारे ताट आणि दुसऱ्या मार्गिकेतून येणारे यजमान ही दोन्ही एकमेकांना न भेटता मध्यभागी पोहोचत. स्वयंपाकाचा वास, धूर आणि आगीची भीती मुख्य इमारतीपासून दूर राहत असे, पण त्याबरोबरच नोकरांचे अस्तित्वही दूर राहत असे. नकाशातली ही अंतरे म्हणजे त्या काळच्या इंग्लिश समाजातल्या पायऱ्याच होत.

उत्तर दर्शनी भाग सुमारे १०७ मीटर लांबीचा आहे. मध्ये सहा कॉरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या, स्तंभांचा उंच द्वारमंडप आणि त्याकडे नेणारा दुहेरी बाह्य जिना आहे. रोजची ये-जा मात्र जिन्याखालच्या मजल्यातून होत असे, जिथे सीझरांचे, म्हणजे रोमन सम्राटांचे, अर्धपुतळे मांडलेले एक बुटके दालन आहे. वरचा दरवाजा हा सन्मानाने येणाऱ्यांसाठी होता. त्या दरवाजातून आत पाऊल टाकले, की पाहुणा कोणत्याही ओसरीवजा जागेतून न जाता थेट मार्बल हॉलमध्ये येतो, आणि तिथे मी वाचकांना थोडे थांबायला सांगेन.

हा हॉल ६७ फूट लांब, ३७ फूट रुंद आणि ४० फूट उंच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २० स्तंभ आहेत, प्रत्येक सुमारे २५ फूट उंचीचा. हॉलच्या भिंतींना खिडक्या नाहीत. प्रकाश फक्त वरून, छतातल्या तावदानांतून उतरतो. राहत्या घरात अशी खोली कोणी बांधणार नाही, कारण इथून बाहेरचे काही दिसत नाही आणि इथे बसायचेही काही कारण नाही. मात्र भिंतींतल्या कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती ठेवायच्या असतील आणि त्यांच्यावर वरून सारखा उजेड पडावा अशी इच्छा असेल, तर याहून चांगली योजना नाही. नाव मार्बल हॉल असले तरी स्तंभ संगमरवराचे नाहीत, अलाबास्टरचे आहेत, आणि तोही इटलीहून आणलेला नसून मिडलंड्स भागातल्या स्थानिक खाणींतला आहे. जवळ जाऊन पाहिले तर फिकट पांढऱ्या दगडातून तांबूस, तपकिरी आणि हिरवट करड्या शिरा ओघळल्यासारख्या गेलेल्या दिसतात. एका स्तंभाची नक्षी दुसऱ्याला जुळत नाही, आणि स्तंभ ज्या तुकड्यांनी रचला आहे त्यांचे सांधेही या शिरा जिथे तुटतात तिथे ओळखू येतात. पायाखालची फरशी डर्बीशरच्याच हॉप्टन वुड दगडाची असून तिच्यात इटालियन संगमरवर जडवला आहे.

अलाबास्टर म्हणजे रसायनाच्या भाषेत जिप्सम. हा दगड इतका मऊ असतो की नखाने ओरखडा उमटतो, आणि तो पाण्यात किंचित विरघळतो: लिटरभर पाण्यात दोन ते अडीच ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटेल, पण गळके छप्पर किंवा ओल्या फडक्याने वर्षानुवर्षे केलेली पुसपूस यांना चकाकी घालवायला तेवढे पुरते. म्हणून या स्तंभांवरची धूळ मऊ ब्रशने झटकतात, आणि डाग निघतच नसेल तर पाण्याऐवजी दुसरे द्रावण थोड्या जागेवर आधी तपासून मगच वापरतात. छतावरच्या शिशाच्या पत्र्यांची आणि पन्हाळ्यांची देखभाल ही या खांबांच्या देखभालीचीच पहिली पायरी असते, हे आपल्याकडच्या ठेकेदारांना पटवून देताना मी हेच उदाहरण वापरतो.

मार्बल हॉलमधून सरळ पुढे गेले की सलून, म्हणजे स्वागताचे भव्य दालन, लागते: ४२ फूट व्यासाची गोल खोली, वर ६२ फुटांवर चौकटी-चौकटींचा घुमट आणि शिखरावर उजेडासाठी गोल तावदान. रोमच्या पँथिऑन या गोल घुमटाच्या प्राचीन मंदिराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पेनच्या आराखड्यात हॉल आणि ही गोल खोली यांच्यामध्ये मुख्य जिना होता. ॲडमने तो बाजूला सरकवला आणि दोन्ही जागा एकमेकींना भिडवल्या. चौकोनी, स्तंभांनी भरलेल्या, काहीशा अंधूक हॉलमधून माणूस एकदम रिकाम्या, गोल, उंच जागेत येतो आणि मान आपोआप वर जाते. १७५७ मध्ये ॲडमने आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला जाऊन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या अवशेषांची मोजमापे घेतली होती, आणि रोमन घरात जागांचा क्रम कसा असे याचा विचार त्याच्या मनात पक्का होता. त्या गोल खोलीत थंडी पडत असणार हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून भिंतींच्या कोनाड्यांत रोमन कलशांच्या आकाराच्या बिडाच्या शेगड्या बसवल्या आहेत. शोभेची वस्तू समजून लोक त्यांच्याकडे पाहून पुढे निघून जातात.

या मधल्या कण्याच्या पूर्वेला संगीतदालन, दिवाणखाना आणि ग्रंथालय आहे. पश्चिमेला भोजनगृह आणि राजेशाही शयनगृहाची खोल्यांची रांग. म्हणजे एका बाजूला कला, दुसऱ्या बाजूला आतिथ्य. दिवाणखान्यातले जॉन लिनेलच्या कारखान्यातले मोठे सोनेरी कोच मुद्दाम पाहावेत. त्यांचे हात आणि पाय म्हणजे अर्धे मानव आणि अर्धे मासे असलेल्या आकृती आहेत, आणि त्यावर आरामात टेकून बसणे जवळपास अशक्य आहे. शयनगृहातल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेले आहेत. बाकी खोल्यांविषयी इथे विस्तार करत नाही. तिथली चित्रे मात्र ज्या उंचीवर आणि ज्या क्रमाने टांगायची ते ॲडमने भिंतीच्या रचनेबरोबरच ठरवले होते, आणि त्यातली बरीच आजही त्याच जागी आहेत. चित्रे विकली गेलेले घर आणि चित्रांसकट टिकलेले घर यांतला फरक इथे कळतो.

दक्षिणेकडचा दर्शनी भाग पूर्णपणे ॲडमचा आहे. त्याचा आधार रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान आहे: पुढे काढलेले चार स्तंभ, त्यांच्यावर मूर्ती आणि मागे सलूनचा बसका घुमट. भिंत कुठे पुढे येते, कुठे मागे जाते, कुठे उंचावते, कुठे वाकते, या चढउताराला ॲडम ‘गती’ म्हणत असे. उत्तरेकडची बाजू शिस्तबद्ध आहे, तर दक्षिणेकडची हलती वाटते. तिथल्या लॅटिन लेखात, हे घर मित्रांसाठी आणि स्वतःसाठी बांधले, अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्यांतला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: मित्र आधी.

मात्र याच बाजूला उभे राहिले की एक उणीव जाणवते. आराखड्यातली दक्षिणेकडची दोन उपभवने कधी बांधलीच गेली नाहीत. त्यांतल्या एकात मोठे संगीतदालन होणार होते. खर्च वाढत गेला, कर्झनचा पहिला उत्साह ओसरला, आणि मुख्य इमारतीच्या आतली कामेच १७८० च्या दशकापर्यंत रेंगाळली. त्यामुळे उत्तरेकडून हे घर हात पसरून स्वागत करताना दिसते, तर दक्षिणेकडून एकटे, उघडे आणि जरा जास्तच उंच वाटते.

हे घर दाखवण्यासाठी होते असे मी म्हणतो ते अलंकारिक अर्थाने नव्हे. १७६० च्या दशकातच त्याची चित्रे आणि मूर्ती यांची छापील सूची तयार झाली होती, आणि सभ्य दिसणाऱ्या प्रवाशांना मुख्य व्यवस्थापिका मिसेस गार्नेट घर फिरवून दाखवत असत. सूची हातात धरलेल्या या बाईंचे चित्र आजही केडलस्टनमध्ये आहे, आणि जिथे भिंतीभर उमराव लटकलेले आहेत तिथे एका नोकरदार स्त्रीचे असे सन्मानाने काढलेले चित्र पाहून बरे वाटते. १७७७ मध्ये इंग्लिश कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल इथे येऊन गेले. जॉन्सनने शेरा मारला की ही इमारत नगरसभागृह म्हणून उत्तम चालेल. खांबांच्या मोठ्या दालनात न्यायाधीशांनी बसावे आणि गोल खोलीत ज्युरीने. त्याने हे टोचून बोलण्यासाठी म्हटले, पण निदान अचूक होते. ज्या इमारतीत घरपण नाही आणि दरबारीपण भरपूर आहे, ती सरकारी कामाला सहज उपयोगी पडते. पंचवीस वर्षांत कोलकात्याने ते सिद्ध केले.

लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून कोलकात्याला आला तेव्हा उपलब्ध निवासस्थान त्याला पदाला शोभणारे वाटेना. त्याने १७९९ मध्ये नव्या गव्हर्नमेंट हाउसचे, म्हणजेच पुढच्या राजभवनाचे, काम सुरू केले आणि ते १८०३ मध्ये पूर्ण झाले. वास्तुकार होता कंपनीच्या लष्कराच्या बंगाल इंजिनिअर्स या अभियंता दलातला चार्ल्स वायट. त्याचा काका सॅम्युएल वायट हा केडलस्टनच्या बांधकामावर ॲडमच्या हाताखाली देखरेख करत होता, त्यामुळे केडलस्टनची माहिती त्या घरात होती. शिवाय केडलस्टनचे नकाशे अठराव्या शतकात छापून प्रसिद्ध झाले होते. पेननेही आपली मूळ योजना १७८३ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यात दक्षिणेकडे गोल भाग भिंतीबाहेर फुगवून काढलेला होता. ॲडमने तो काढून टाकला आणि तिथे विजयकमान आणली. कोलकात्यात मात्र दक्षिणेला तोच फुगवटा घुमटासह दिसतो. म्हणून नक्कल आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की कोलकात्याची इमारत बांधलेल्या केडलस्टनपेक्षा कागदावरच्या केडलस्टनच्या अधिक जवळ आहे. चारही उपभवने जिथे प्रत्यक्ष उभी राहिली, ती जागा डर्बीशर नसून कोलकाता आहे.

तरीही आंधळी नक्कल नव्हतीच. डर्बीशरमध्ये उपभवने दूर ठेवण्याचे कारण प्रतिष्ठा आणि आग हे होते. कोलकात्यात त्याच रचनेचा उपयोग वारा खेळवण्यासाठी झाला. चार बाजूंना पसरलेल्या हातांमुळे जवळजवळ प्रत्येक खोलीला वाऱ्याची दिशा मिळते, जोडमार्गिका हवेशीर झाल्या आणि दक्षिणेला व्हरांडे आले. दगड आणि अलाबास्टर यांच्या जागी विटांचे बांधकाम आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा आला. चांगला घोटलेला चुना लांबून संगमरवरासारखा दिसतो आणि दमट हवेत, दरवर्षी हात फिरत राहिला तर, उत्तम टिकतो. एका उपभवनात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलची खोली होती आणि दुसरीकडे खासगी निवास. मुदपाकखाना तर थेट आवाराबाहेर गेला, आणि जेवण पेट्यांतून वाहून आणावे लागे. केडलस्टनच्या यजमानाला निदान एका मार्गिकेपलीकडून ते मिळत होते.

मराठी वाचकासाठी या बांधकामाचा काळ परका नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली, आणि सप्टेंबर १८०३ मध्ये आताच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे वेलस्लीचा भाऊ आर्थर याने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. ज्या वर्षी हा महाल वापरात आला त्याच वर्षी त्यातून चालणाऱ्या राजकारणाने दख्खनचा नकाशा बदलला. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना मात्र महालाचा आणि युद्धांचा, दोन्हींचा खर्च खुपत होता, आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावले गेले.

पुढे जे घडले ते योगायोगांत जमा होते. हे घर बांधवून घेणाऱ्या नॅथॅनियलचा वंशज जॉर्ज नॅथॅनियल कर्झन, ज्याला आपण वंगभंगामुळे आणि त्याविरुद्ध केसरीतून उठलेल्या टीकेमुळे ओळखतो, त्याचा जन्म १८५९ मध्ये केडलस्टनलाच झाला. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय म्हणून तो कोलकात्यात आपल्याच घराच्या आराखड्यात राहिला. त्याने १९०२ मध्ये जॉन मार्शलला भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख केले आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणला. इंग्लंडला परतल्यावर त्याने लिंकनशरमधला मोडकळीला आलेला टॅटरशल किल्ला १९११ मध्ये विकत घेऊन दुरुस्त केला, आणि १९१३ च्या ब्रिटिश स्मारक कायद्याला जोर दिला. खासगी मालकाच्या स्मारकात सरकारने हस्तक्षेप करावा की नाही, हा प्रश्न इंग्लंडमध्ये फार नाजूक होता. तो सुटायला भारतात आधी झालेला कायदा उपयोगी पडला असे मानायला जागा आहे. राजकारणी कर्झनविषयी माझे मत आपल्यापेक्षा वेगळे नाही, परंतु जतनाच्या इतिहासातून त्याला वगळता येत नाही.

त्याने आशियातून गोळा केलेल्या आणि भेटीदाखल मिळालेल्या वस्तूंचे संग्रहालय केडलस्टनच्या खालच्या मजल्यावर आहे. हस्तिदंत, चांदी, शस्त्रे, कापड असा तो संग्रह आहे. तिथेच त्याची पत्नी मेरी हिने १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी घातलेला मोरपिशी झगा ठेवला आहे. दिल्लीतल्या कारागिरांनी धातूच्या तारांनी भरतकाम केले, पॅरिसच्या वर्थ या पेढीने तो शिवला, आणि प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्याच्या जागी हिरव्या भुंग्याच्या पंखाचे कवच टाचले आहे. धातूची तार काळवंडली आहे, कवचांचा हिरवा मात्र टवटवीत आहे, कारण तो रंगद्रव्याचा नसून कवचाच्या बारीक थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. झगा वर्थच्या नावाने ओळखला जातो, भरतकाम करणाऱ्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. आज केडलस्टन ज्या वारसा-जतन संस्थेकडे आहे त्या नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या मालमत्तांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला. त्यातल्या ९३ स्थळांत केडलस्टन होते. त्यावरून इंग्लंडमध्ये बराच गदारोळ झाला. माझ्या मते तो अहवाल म्हणजे जतनाच्या कामाचाच भाग होता, कारण वस्तू सांभाळायची आणि ती कुठून कशी आली ते सांगायचे नाही, हे अर्धवट काम झाले.

आता मालकीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १८९४ पासून वारसाकर लागू झाला, शेतीचे उत्पन्न घटले, दोन महायुद्धांनी नोकरवर्ग आटला, आणि विसाव्या शतकात एक हजाराहून अधिक कंट्री हाउसेस पाडली गेली. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ च्या कायद्यामुळे अशी घरे स्वीकारण्याची सोय मिळाली. घराणे घर ट्रस्टला देते, आणि बहुधा त्याच घराच्या काही भागात राहण्याचा हक्क राखते. केडलस्टनची वेळ उशिरा आली. १९७७ मध्ये कर्झन घराण्याचा प्रमुख, दुसरा व्हायकाउंट स्कार्सडेल, याचा मृत्यू झाला आणि पुढच्या वारसावर कराचा मोठा बोजा आला. संग्रह फुटून लिलावात जाण्याची चिन्हे होती. १९८५ मध्ये ब्रिटिश सरकारने केडलस्टनसह तीन घरे वाचवण्यासाठी नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाला अडीच कोटी पौंड अधिक दिले, आणि १९८७ मध्ये केडलस्टन ट्रस्टकडे आले. कुटुंबाचा निवास कुठे राहिला हे नकाशा पाहिलेल्याला सांगायला नकोच: कुटुंबासाठीच बांधलेल्या ईशान्येच्या उपभवनात. जी विभागणी १७६० मध्ये प्रतिष्ठेसाठी केली होती ती १९८७ च्या व्यवहाराला आयती सोयीची ठरली. बहुतेक घरांत राहते कुटुंब आणि तिकिटे काढून आलेले लोक यांच्यात भिंती घालाव्या लागतात. इथे त्या मुळातच होत्या.

मला अनेकदा विचारतात, की नकाशे उपलब्ध आहेत तर दक्षिणेची दोन उपभवने आता बांधून का टाकू नयेत. केडलस्टन हे पहिल्या श्रेणीचे नोंदणीकृत वास्तुस्मारक आहे, आणि तसे काही करायला परवानगी मिळणे जवळजवळ अशक्य. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी विरोधच करेन. १८७७ मध्ये इंग्लिश कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा मूळ आग्रहच हा होता की जुन्या इमारतीला कल्पनेतल्या पूर्णत्वाकडे नेऊ नये. दक्षिणेची मोकळी जागा हा त्या घराच्या खर्चाचा, मालकाच्या बदललेल्या मनाचा आणि वास्तुकारांच्या ओढाताणीचा पुरावा आहे. तो भरून काढला तर एका चांगल्या रेखाटनाची मोठी प्रतिकृती मिळेल, आणि पुरावा जाईल.

रोजचे जतन मात्र अशा वादांपेक्षा फार साध्या गोष्टींवर चालते. रेशमी भिंतींच्या आणि पडद्यांच्या खोल्यांत उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. म्हणून खोलीत पडदे ओढलेले दिसले तर कंजूषपणा समजू नये. कापडाला झालेली प्रकाशाची इजा भरून येत नाही, त्यामुळे वर्षभरात एकूण किती उजेड ‘खर्च’ करायचा याचा हिशेब ठेवतात. हिवाळ्यात खोल्या माणसांच्या उबेसाठी तापवत नाहीत. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी आणि किडे वाढतात, म्हणून ती खाली आणायला पुरेल एवढीच उष्णता देतात. खोली गार लागते, पण लाकूड आणि सोन्याचा मुलामा शाबूत राहतो. आपल्याकडे मुंबई किंवा कोकणात ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण आपली हवा आधीच उष्ण असते आणि आणखी तापवली तर माणसे आणि वस्तू दोन्ही हैराण होतात. आपल्याला वारा खेळता ठेवणे आणि छप्पर कोरडे राखणे यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

प्रत्यक्ष जाणार असाल तर घरात शिरण्यापूर्वी परिसरात फिरावे. ॲडमने कटलर ब्रुक हा ओढा अडवून केलेल्या तळ्यावर तीन कमानींचा पूल बांधला, ज्यावरून येताना घर पहिल्यांदा तिरके दिसते आणि मग वळणानंतर समोर येते. तळ्याकाठी १७७० च्या सुमारास बांधलेली मासेमारीची छोटी वास्तू आहे: वर बसायची खोली, जिच्या खिडकीतून स्त्रियांना ऊन न लागता गळ टाकता यावा, आणि खाली थंड पाण्याचे स्नानकुंड व नावांची जागा. ॲडमची सर्वांत मोकळी, आनंदी रचना मला हीच वाटते. घर उत्तरेच्या दारातून सुरू करून मार्बल हॉल, सलून, मग पूर्वेच्या खोल्या आणि शेवटी पश्चिमेच्या, या क्रमाने पाहावे, आणि मगच दक्षिणेकडे बाहेर यावे. चर्च मात्र चुकवू नका. ते नॅशनल ट्रस्टकडे नसून चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे, त्याचे दक्षिणद्वार बाराव्या शतकातले आहे, आणि आत मेरी कर्झनच्या स्मरणार्थ जॉर्ज फ्रेडरिक बॉडलीने आखलेले छोटे प्रार्थनामंदिर आणि बर्ट्रम मॅकेनलने घडवलेल्या संगमरवरी मूर्ती आहेत. घर आणि चर्च यांच्या उघडण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात. निघण्यापूर्वी दोन्ही तपासून घ्याव्यात.